नववीची पोरं आणि रंगमंचावरचा खून

आमच्या डोंबिवलीत एका मराठी शाळेने नववीच्या मुलांना नाटकाला न्यायचं ठरवलं. यात भांडण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल, मराठी शाळा, मराठी नाटक, दुपारचा प्रयोग, उलट पालकांनी पेढे वाटायला हवेत. पण नाटक निघालं खुनाचं. धो धो पाऊस, घाटातला बंगला, लाईट गेलेले, एक प्रेत आणि सहा-सात माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाचं काहीतरी लपवायचं चाललेलं. संमतीपत्र दप्तरातून घरी आलं आणि त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली ती प्रयोग होऊन गेला तरी थांबलेली नाही. एक गट म्हणतो, शाळा संस्कार करायला आहे का खून दाखवायला? दुसरा गट म्हणतो, अहो ही पोरं रात्री पांघरुणात मोबाईलवर काय काय बघतात ते माहिती तरी आहे का तुम्हाला, नाटकच तर आहे, एवढं काय मनावर घेताय. मग पहिला गट 'मालिका पाहून केला खून' छापाच्या बातम्यांचे स्क्रीनशॉट टाकतो आणि दुसरा गट हसण्याचे इमोजी. एवढ्या सगळ्या मेसेजमध्ये ते नाटक प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकही नव्हता, हे मला सगळ्यात जास्त खटकलं, त्यावर पुढे येते.

माझं मत आधीच सांगून टाकते, ताणून धरत नाही, रहस्य नाटकातच बरं. नववी-दहावीच्या मुलांना चांगलं रहस्यनाटक दाखवायला शाळेने न्यावं. 'चालतंय की' या अर्थाने नाही, न्यायलाच हवं या अर्थाने. माणूस मेला तर त्याचा जाब विचारला गेला पाहिजे, तो पुराव्याने विचारला गेला पाहिजे, आणि विचारताना आपला पहिला संशय बऱ्याचदा भलत्याच माणसावर जातो, हे चौदा वर्षांच्या पोराला एका दुपारी अंगावर काटा आणून शिकवेल असं दुसरं साधन शाळेकडे मला तरी दिसत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला ते होत नाही, तिथे सुविचार होतात.

आता आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते, कारण त्यांचे मुद्दे जास्त कच्चे आहेत. 'मोबाईलवर याहून भयंकर बघतातच' हा कसला मुद्दा झाला? पोरगा बाहेर रोज तळकट खातोच, मग डब्यातही भजीच देत जा, असं म्हणण्यासारखं आहे ते. मुलं घरी वाईट बघतात यातून शाळेने काय दाखवावं हे कुठे ठरतं? आणि यात मुलांचा एक अपमानही आहे, की ती आधीच बिघडलीयेत, आता अजून काय बिघडणार. दुसरा मुद्दा 'नाटकच तर आहे' हा, तो तर मराठी माणसाने तोंडातून काढूच नये. नाटकाचा परिणाम होत नसता तर इंग्रजांनी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी कशाला घातली असती? १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आलं, कीचकाच्या जागी लोकांना लॉर्ड कर्झन दिसायला लागला, गावोगावी प्रेक्षक पेटून उठायला लागले आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद केलं. नाटक माणसाला हलवतं. जे हलवतं त्याबद्दल आईबापांनी प्रश्न विचारणं हे बरोबरच आहे, त्यांना मागासलेले म्हणून हसण्यावारी नेणं हा उद्धटपणा झाला.

पण परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं? त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट घ्या. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाच्या निमित्ताने नाटक ठेवलेलं, आणि नाटकाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे या जेमतेम अठराच्या पोराने तिथेच गोळ्या झाडल्या. म्हणजे खराखुरा खून, थिएटरात, तरुण मुलाच्या हातून, 'नाटकाने पोरं बिघडतात' म्हणणाऱ्याला याहून भारी उदाहरण मिळणार नाही. फक्त एकच अडचण आहे, त्या रात्री प्रयोग होता 'संगीत शारदे'चा! म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं नाटक, गाणी म्हणत आख्खा महाराष्ट्र रडला ते. कान्हेऱ्यांच्या मनात जे पेटलं होतं ते बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेमुळे, पारतंत्र्यामुळे, थिएटर ही फक्त कलेक्टर हमखास सापडेल अशी जागा होती. आणि सरकारने पुढच्याच वर्षी बंदी कशावर घातली, तर 'कीचकवधा'वर. कारण शोधायला गेलं की राज्यकर्ते आणि पालक दोघांच्याही हाताला सगळ्यात आधी नाटक लागतं, कारण ते समोर असतं, त्याला तिकीट असतं, ते बंद करता येतं. पारतंत्र्य बंद करणं जरा अवघड असतं.

तो 'मालिका पाहून खून' वाला स्क्रीनशॉट नीट वाचला तरी बातमीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतं की आरोपीने पोलिसांना तसं 'सांगितलं'. आरोपी काय वाट्टेल ते सांगेल. त्याच्यावर कर्ज होतं, जमिनीचा वाद होता, दारू होती, हे खालच्या परिच्छेदात.

आता मूळ विषय. खून दाखवणं म्हणजे काय, हे आपण वेगवेगळं करून बघतच नाही, सगळं एका पिशवीत कोंबतो. मराठी मुलाने रहस्यनाटकाबाहेर किती वध पाहिलेले असतात? चौथीच्या इतिहासात अफझलखान येतो, स्नेहसंमेलनात तो प्रवेश होतोच होतो, दर वर्षी कुणाचा तरी मुलगा पोटाला उशी बांधून खान होतो आणि टाळ्या पडतात. तळकोकणात दशावतार बघत आईच्या मांडीवर झोपणारी पोरं संकासुराला मारताना मुद्दाम जागी केली जातात. कंस, कीचक, दुःशासन, सगळे आपण पोरांना भरवताना सांगितलेत. हे चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या गोष्टींशिवाय आपण आपण नसतो. पण एक फरक बघा की. तिथे मारलेलं योग्य असतं. मारलं की गोष्ट संपते आणि आपण टाळ्या वाजवतो. साउथच्या डब केलेल्या पिक्चरमध्ये हिरो एका फाईटमध्ये तीस माणसं उडवतो, त्या तिसांना नाव नसतं, घर नसतं, पुढच्या सीनमध्ये गाणं. कुणी विचारतं का, ते कोण होते?

रहस्यनाटकात उलटं असतं. तिथे खून झाला की गोष्ट सुरू होते. एकच माणूस मेलेला असतो, बऱ्याचदा तो भला माणूसही नसतो, कंजूष, छळवादी, सगळ्यांना नकोसा झालेला असतो, आणि तरीही पुढचे दोन तास सगळं जग थांबून विचारतं की याला कुणी मारलं. नकोशा माणसाच्या मृत्यूचासुद्धा हिशोब द्यावा लागतो. मला तर हा सगळ्या मनोरंजनातला सगळ्यात सुसंस्कृत प्रकार वाटतो, आणि त्यालाच आपण संस्काराच्या नावाने नको म्हणतोय, काय गंमत आहे.

आणि शाळा काय खुनाच्या जागी मुलांना नेत नाहीत? पुण्याच्या सहलीत शनिवारवाडा असतोच. गणपतीचे दिवस, ३० ऑगस्ट १७७३, अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा, मागे लागलेले गारदी, 'काका मला वाचवा'. हे सगळं सर दरवाजापाशी उभं राहून सांगतात, वर अमावास्येला किंकाळी ऐकू येते हेही कुणीतरी सांगतंच, आणि एकाही पालकाने त्यावर कधी पत्र लिहिल्याचं मी ऐकलं नाही. खरा खून, खऱ्या जागेवर, मेला तो मुलगा आपल्या पोरांपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा. तो चालतो, कारण तो इतिहास. पण त्या इतिहासातून पोरांच्या डोक्यात काय राहतं विचारा. आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. बस्स. ही खाडाखोडीची गोष्ट बखरींमधून आणि तोंडातोंडी आपल्यापर्यंत आली, तिला ठाम पुरावा नाही असं अभ्यासकांनी कितीदा तरी म्हटलंय, पण अडीचशे वर्षं ती बाई आपल्या म्हणीत दोषी होऊन बसलीये. आणि ज्याने खरोखर चौकशी केली, साक्षी तपासल्या, प्रत्यक्ष सत्तेवर बसलेल्या राघोबादादाला तोंडावर दोषी म्हणून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून गावाकडे निघून गेला, तो रामशास्त्री प्रभुणे फक्त 'बाणेदार' या एका विशेषणापुरता उरला. म्हणजे आपण मुलांना खून सांगतो, भूत सांगतो, बाईवरचा आळ सांगतो, तपास तेवढा सांगत नाही. रहस्यनाटकात तपासच असतो. रामशास्त्र्यांचंच काम असतं ते, फक्त हातात टॉर्च आणि अंगावर रेनकोट.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी मान्य करते, तो म्हणजे जिवंत नाटक पडद्यापेक्षा जास्त अंगावर येतं. खरंय. अंधारात किंकाळी आली की ती खरोखर त्याच हवेतून येते, पॉज करता येत नाही, आवाज कमी करता येत नाही, शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा हात आपोआप आपल्या हातात येतो. आमच्या प्रयोगाला पहिल्या अंकात लाईट गेले तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन मुली सरळ उठून बाईंच्या शेजारी येऊन बसल्या, हे मी बघितलंय, बसमध्ये मदतीला म्हणून मीही गेले होते. पण या मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग कुणी बोलत नाही. पडदा पडतो, परत उघडतो, आणि पहिल्या अंकात मेलेला माणूस मधोमध हात जोडून उभा असतो, घामाने विग सरकलेला, हसतोय! मोबाईलवरचं प्रेत कधी उठून नमस्कार करत नाही. ते तसंच डोक्यात पडून राहतं, त्याच्यावर पुढची रील येते. नाटक भीती दाखवतं आणि शेवटी ती परत घेऊन जातं, आणि हे एकट्याने पांघरुणात होत नाही, आठशे माणसांत होतं, घाबरलेले आपण एकटेच नाही हे तिथल्या तिथे कळतं. मला विचाराल तर जिवंत आहे म्हणूनच ते पोरांसाठी जास्त सुरक्षित आहे. (फोन आत न्यायला बंदी होती हा वेगळाच फायदा. तीन तास. आमच्या घरी दिवाळीलाही एवढा वेळ फोन बाजूला राहत नाही.)

आणि खरी मजा तर मध्यंतरात होती. सावित्रीबाई फुले कलामंदिरच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत वडे आणि चहाभोवती ही पोरं घोळक्याने उभी आणि सगळीकडे एकच चर्चा, कुणी मारलं. एका पोराने तिकिटाच्या मागे संशयितांची नावं लिहून काढलेली, भागाकाराचं गणित करावं तशी एकेक काट मारत होता. बहुतेकांचं बोट एकाच माणसावर, बंगल्यातला गडी. का? तर चोरून ऐकत होता. एक मुलगी म्हणाली, अरे पण चोरून तर सगळेच ऐकत होते, वकीलपण दाराआड होता ना. त्यावर तो तिकीटवाला पोरगा म्हणाला, 'हो, पण वकील कशाला मारेल? गडी गरीब आहे ना, पैशासाठी मारणार.' शेवट सांगत नाही, तो सांगायचा नसतो, पण खुनी गडी नव्हता एवढं सांगायला हरकत नसावी. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी वर्गात विचारलं, गड्यावर कुणाकुणाचा संशय होता, तर अर्ध्याहून जास्त हात वर. का विचारलं तर कुणी म्हणे त्याची भाषा, कुणी म्हणे बघायचाच तसा, एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, बाई त्याचे कपडेच तसे होते. हे मला माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं, जेवताना, आणि वर मला विचारलं की आपल्या सोसायटीत सायकल चोरीला गेली तेव्हा सगळ्यांनी आधी वॉचमनच्या मुलाला का विचारलं होतं?

आता सांगा, हे कुठल्या पुस्तकातून आलं असतं? याच देशात १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, पाळण्यातलं पोरही सरकारच्या लेखी होणारा चोर. तो कायदा जाऊन विमुक्त म्हणायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. आणि अजूनही गावात चोरी झाली की कित्येकदा पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावरच जाते, पुरावा मागाहून. आपल्या पोरांना हे 'समता' या धड्यात शिकवलं जातं, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न असतो, पोरं पाठ करतात आणि लिहितात. पण आपण स्वतः, आत्ता, तिकिटाच्या मागे पेनाने, कपडे बघून एका माणसाला फाशी दिली हे त्यांना त्या दोन मार्कांतून कधीच कळलं नसतं. रहस्यनाटक लिहिणारा लेखक तुमच्या पूर्वग्रहावर पैसे लावून बसलेला असतो. तुम्ही चुकीच्या माणसाकडे बघाल याची त्याला खात्री असते. तुम्ही चुकता, मग तो दिवे लावतो.

पुढचा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो ग्रुपवर फार कुणी मांडला नाही, एका आईने मला फोन करून सांगितला. ती म्हणाली, खुनाचं सोड, पण या नाटकांत मरते ती बहुतेक वेळा बाईच, आणि कारण काय तर लफडं किंवा इस्टेट. चौदा वर्षांच्या मुलीने बघायचं की बाई मेली की मजा सुरू होते? याला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं आणि आजही सोपं उत्तर नाही. हे खरं आहे. व्यावसायिक रंगभूमीवरच्या कितीतरी थ्रिलरमध्ये नवरा बायकोचा काटा काढायला निघालेला असतो, मधे द्वयर्थी विनोदही पेरलेले असतात, आणि नाटकाच्या जाहिरातीवर सिनेमासारखं युए १३+ किंवा १६+ असं काही छापलेलं नसतं. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, पण ती मंजुरी म्हणजे नववीच्या वर्गाला योग्य असल्याचा दाखला नव्हे. म्हणून कुठलंही रहस्यनाटक चालेल असं मी म्हणत नाही. शाळेतल्या कुणीतरी, शक्यतो दोघांनी, ते आधी जाऊन बघितलं पाहिजे, पोस्टर बघून बुकिंग करायचं नाही. मेलेली व्यक्ती नाटकात माणूस आहे का नुसतं सामान, हे बघितल्यावर कळतं. पण त्या आईला मी एवढं म्हटलं की बायकोला मारणारा नवरा ही कल्पना काही नाटकाने घरात आणलेली नाही, ती पेपरच्या पाचव्या पानावर रोज असते, एका चौकटीत, चार ओळी. तिथे तिचा जाब कुणी विचारत नाही. निदान नाटकात तरी विचारतात.

एक मुद्दा असा आहे जिथे मी पूर्णपणे विरोधकांच्या बाजूने आहे. वर्गात पन्नास पोरं असतात, त्यातल्या एखाद्याच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं, आत्महत्या असते, मारहाण असते, आणि शाळेला ते माहिती असेलच असं नाही. त्या मुलासाठी ते नाटक नाटक नसतं. यावर 'जग असंच असतं, कळू दे' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. ज्याला यायचं नाही त्याला कारण न विचारता न येण्याची सोय पाहिजे, आणि त्या दिवशी त्याला ग्रंथालयात एकटं बसवून इतरांच्या नजरेत आणायचं नाही, दुसरं काहीतरी बरं ठेवायचं. मध्येच उठून बाहेर जायचं झालं तर दाराशी कोण असेल हे मुलांना आधी सांगायचं. तिकिटाचंही तसंच, ज्यांना परवडत नाही त्यांचे पैसे गुपचूप भरले गेले पाहिजेत. पण ही सगळी कसं न्यायचं याची चर्चा झाली. हिच्या आधारावर न्यायचंच नाही असं ठरवायचं असेल तर मग पोहायला, किल्ल्यावर, कुठेच नेता येणार नाही.

मग बालनाट्य का नको, असंही विचारलं गेलं. बालनाट्याबद्दल मला आदरच आहे, सुधा करमरकरांनी १९५९ पासून लिटल थिएटर उभं केलं, रत्नाकर मतकरींनी किती वर्षं किती कमी पैशात काय काय केलं, आमच्या पिढीला नाटकाची गोडी तिथूनच लागली. पण चौदा वर्षांच्या पोराला चेटकीण दाखवून बघा, तो तुमच्याकडे कसा बघतो. या वयासाठी आपल्याकडे व्यावसायिक रंगभूमीवर आहे काय? इकडे परीकथा, तिकडे पन्नाशीच्या नवरा-बायकोचा संसार आणि त्यावरचे विनोद. मधली सात-आठ वर्षं रिकामी. त्याच वर्षांत पोरगं थिएटरपासून सुटतं आणि मग आपण प्रेक्षक म्हातारा होत चालला म्हणून परिसंवाद भरवतो. रहस्यनाटक हा त्या मधल्या जागेतला सरळ रस्ता आहे, कारण त्यात पोराला मोठ्यांच्या बरोबरीने खेळता येतं. संसारी नाटक कळायला संसार करावा लागतो, खून कुणी केला हे ओळखायला फक्त नीट ऐकावं लागतं. आणि ऐकावंच लागतं, पहिल्या अंकात चुकलेलं एक वाक्य तिसऱ्या अंकात भोवतं.

लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालं ते कोविडमधला बंदचा काळ सोडला तर आजतागायत चालू आहे. (आपल्याकडे त्या जमाती विमुक्त झाल्या तेच वर्ष, उगाच आठवलं.) तिथे शाळांच्या शाळा ते बघायला जातात, आणि शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतो की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. पण त्या नाटकाच्या मुळाशी काय आहे ते फार लोकांना माहिती नसतं. १९४५ मध्ये इंग्लंडात एका शेतावर सांभाळायला दिलेला बारा वर्षांचा मुलगा त्या सांभाळणाऱ्या नवरा-बायकोच्या छळाने मेला. देश हादरला, चौकशी झाली, आणि पुढे १९४८ च्या मुलांच्या कायद्यामागे ते प्रकरण होतं. ख्रिस्तीने त्याच धाग्यावरून १९४७ मध्ये रेडिओसाठी नाटिका लिहिली, तिचंच पुढे हे नाटक झालं. म्हणजे करमणूक म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो त्याच्या पोटात प्रश्न काय आहे, तर घरातून काढून घेतलेल्या पोराला सरकारने कुणाच्या हवाली केलं आणि नंतर जाऊन बघितलं का. शाळेतल्या मुलांनी बघू नये असा हा प्रश्न आहे का? मला तर वाटतं सगळ्यात आधी त्यांनीच बघावा.

आणि ते गुपित पाळण्याचं. आमच्या पोरांनाही बाईंनी बसमध्ये सांगितलं होतं की आठवीला शेवट सांगायचा नाही, पुढच्या वर्षी त्यांना न्यायचंय. माझ्या माहितीप्रमाणे अजून फुटलेलं नाही. ज्या पोरांबद्दल आपण रोज म्हणतो की यांच्या पोटात काही राहत नाही, सगळं स्टेटसला टाकतात, त्यांनी एवढ्या आठवड्यांत शेवट स्टेटसला टाकलेला नाही.

आता त्या ग्रुपवर परत येते. एवढं सगळं चाललेलं असताना दोषी कोण ठरलं होतं? मराठीच्या बाई. त्यांचं वय काढलं गेलं, लग्न न केलेलं काढलं गेलं, 'यांना स्वतःची मुलं नाहीत म्हणून असलं सुचतं' असं एका गृहस्थाने लिहिलं आणि त्यावर अंगठे पडले. नाटक कुणी वाचलेलं नाही, बघितलेलं नाही, बाईंना कुणी विचारलेलं नाही, पण आरोप निश्चित, साक्षीदार तयार, निकाल लागलेला. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं, त्यातही कोर्टात उभी केलेली बेणारे बाई शाळेतली शिक्षिकाच आहे, अविवाहित, आणि खटला खेळ म्हणून सुरू होतो. इतक्या वर्षांनी तेच कोर्ट फोनवर भरतं, एवढाच बदल. नववीच्या पोरांनी निदान मध्यंतरापर्यंत पुरावे जमवले, तिकिटाच्या मागे का होईना लिहून काढले, एका मुलीने उलटतपासणी केली. आईबापांनी संमतीपत्र बघून फाशी दिली. पुरावा मागायची सवय कुणाला जास्त लागली पाहिजे, पोरांना की आम्हाला?

येत्या पालकसभेत आठवीच्या वेळी हा विषय परत निघणार आहे. माझी तिथे एकच मागणी आहे, शाळा जे नाटक निवडेल त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारच्या प्रयोगाला विरोध करणाऱ्यांपैकी दोन पालक आणि बाजूने बोलणाऱ्यांपैकी दोन पालक, असे चौघांनी जाऊन यायचं, आणि मग सभेत फक्त त्या चौघांनी बोलायचं. तिकिटं बाल्कनीची काढली तर पालक निधीतून सहज निघतील. त्या अंगठेवाल्या गृहस्थांचं नाव मी सुचवणार आहे.